पेडलखालचं लिंबू

लग्न होऊन वर्ष उलटलं नव्हतं तेव्हा यांनी मला गाडी शिकवायला घेतली. धुळ्यापुढे शिंदखेड्याच्या रस्त्याला मारुतीचं देऊळ आलं आणि मी स्टेअरिंग सोडून दोन्ही हात जोडले. गाडी थेट कपाशीत. वर मी बया ऐटीत म्हणते कशी, "बघा, देवानं वाचवलं की नाही?"

हे घाम पुसत म्हणाले, "चालवणाऱ्यानं मान लववायची. हात नाही जोडायचे."

बयेनं स्टेअरिंगला पुन्हा हात लावला नाही. ते देऊळ आलं की मान लववणारे हे मात्र मी आयुष्यभर शेजारच्या सीटवरून पाहिले.

गेल्या वर्षी यांना अर्धांगवायूचा झटका आला. हात, जीभ सावरली. उजवा पाय जड राहिला. डॉक्टरांनी गाडी बंद सांगितली. यांनी चावी बंडीच्या खिशात ठेवली आणि जाहीर केलं, दसऱ्याला जळगावहून शिंदखेड्याला आपणच गाडी नेणार, थोरल्या बहिणीला, अक्काला, सोनं द्यायला. आजवर एकही दसरा चुकला नव्हता.

लेक पुण्याहून आली, ती वाद न घालता. टीव्हीला जोडायचा तिचा शर्यतीचा गेम घेऊनच आली. सोबत स्टेअरिंग, पेडलं, सगळं. गेममधल्या गाड्या खऱ्या कंपन्यांच्या, त्यांच्या परवानगीनं हुबेहूब केलेल्या. त्यात शर्यतीआधी लायसन्स काढावं लागतं. पहिली परीक्षा साधीच : भरधाव यायचं आणि आखलेल्या चौकोनात थांबायचं. पुढे भिंत.

"नाना, एवढं करा. मग गाडी तुमची, मी गुपचूप मागे बसते."

"पोरखेळ!" हे म्हणाले. पण दसऱ्याच्या सकाळी खुर्ची ओढून बसले.

तोवर मी अंगणात गाडीची पूजा उरकली होती. चाकाखाली लिंबं ठेवली, झेंडूचा हार घातला. तबक हातात होतंच. म्हटलं, हेही वाहनच की. टीव्हीपुढच्या स्टेअरिंगला कुंकू लावलं, झेंडू खोवला. लिंबू ठेवायला चाक कुठे दिसेना, म्हणून एका पेडलाखाली सारलं. कुठलं पेडल कशाचं, हे कपाशीवालीला अजूनही ठाऊक नव्हतं.

गाडी सुटली. चौकोन आला, गेला, आणि गाडी भिंतीवर आदळली.

यांनी वाकून पायाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "पाय तर दाबला मी."

लेक वाकली आणि ब्रेकखालून तिनं चेपलेलं लिंबू काढलं.

काय हसलो आम्ही! हे तर डोळे पुसत अहिराणीवर आले. "देख! मना पाय नही, तुनं लिंबू शे!"

मीही हसले. मनात म्हटलं, मारुतीराया, दोष लिंबाचाच राहू दे.

लेकीलाही तेच वाटलं असावं. "नाना, राहू द्या आता. उशीर होतोय."

"नाही. परत लाव."

दुसऱ्या वेळी मी टीव्हीकडे पाहिलंच नाही, यांच्या पायाकडे पाहिलं. पाय उचलला गेला. अधांतरी थांबला, जणू वाट विसरला. मग ब्रेकवर आला, नीट, जोर लावून आला. तेवढ्यात भिंतीचा आवाज झाला.

कुणीच हसलं नाही. यांनी स्टेअरिंगवरचा निसटलेला झेंडू पुन्हा खोवला. खिशातून चावी काढून माझ्या तबकात ठेवली, कुंकवाशेजारी. लेकीला म्हणाले, "चाल. अक्का वाट देखी ऱ्हायनी."

लेकीनं गाडी काढली. चाकाखालची लिंबं फुटली. हे डावीकडे बसले, मांडीवर आपट्याची पानं घेऊन, मी मागे. धुळ्यापर्यंत वळण आलं की यांचा उजवा पाय खालच्या चटईवर दाबला जायचा. गाडी आधी हळू व्हायची, पाय मागाहून यायचा. मला दिसत होतं. त्यांनाही दिसत असणार.

मग मारुतीचं देऊळ आलं. लेकीनं मान लववली.

यांचीही मान सवयीनं झुकली. मग त्यांनी पानं बाजूला ठेवली आणि दोन्ही हात जोडले.