मनोहर गाडी बघत होता तेव्हा

घेतलेल्या गाडीचे किस्से फारसे होत नाहीत. ती चालते, बंद पडते, दुरुस्त होते, विषय संपला. बघायला गेलो आणि न घेता परत आलो, अशा गाड्यांचे मात्र साठत जातात. आमच्याकडे ते इतके साठलेत की आम्ही तिघं एकत्र बसलो की घरातली माणसं आधीच उठून आत जातात.

तिघं म्हणजे मनोहर पाटणकर, करीमभाई आणि मी. पिंपरीत आमचा कारखाना नुकता उभा राहिला होता, तेव्हाची गोष्ट. मनोहर बॉयलर हाऊसला, मी ड्रॉइंग ऑफिसात. करीमभाईंचं गॅरेज चिंचवडला, मुंबई रस्त्याला लागून. ते मूळचे नगरचे. दुसऱ्या महायुद्धात लष्करी वर्कशॉपमध्ये होते. मराठी आमच्यासारखीच बोलायचे, पण गाडीवर मत द्यायची वेळ आली की हिंदीत शिरायचे.

मनोहरला एका जागी बसवत नसे. जेवताना पाय हलायचा, बोलताना बोटं टेबलावर वाजायची. शिफ्ट सुटली की घरी जायचं सोडून हा रस्त्याच्या कडेला उभा राहून मुंबईकडं जाणाऱ्या गाड्या बघायचा. शाळेत असताना पाचगणीच्या घाटात एका गोऱ्या साहेबानं त्याला आपल्या उघड्या, दोन सीटांच्या गाडीतून थोडं पुढं सोडलं होतं. तेवढाच काय तो प्रवास. तेव्हापासून त्याला तसलीच गाडी हवी होती. बुटकी, लांब नाकाची, पळणारी.

बाहेरून गाड्या येणं जवळजवळ थांबलं होतं, त्यामुळं साहेब लोक मागं सोडून गेले त्या जुन्या गाड्यांनाच भाव आला होता. गावाकडच्या जमिनीतला आपला हिस्सा भावाला देऊन मनोहरच्या हातात थोडी रक्कम आली होती. नेमकी तीच रक्कम त्याच्या बायकोनं, इंदूवहिनींनी, थेरगावच्या एका प्लॉटसाठी मनात धरली होती. चिंचवडगावात दोन खोल्यांत भाड्यानं राहायचे ते. नळ मालकाच्या अंगणात, आणि पाणी मालकिणीच्या मर्जीनं.

रविवार आला की करीमभाईंची साइडकारची मोटारसायकल बाहेर निघायची. करीमभाई चालवायचे, मी मागं, आणि मनोहर साइडकारमध्ये अर्धा उभा.

*

पहिली गाडी लोणावळ्याला, एका पारशी म्हाताऱ्याकडं. गाडी सुरेख. किंमत ऐकून आम्ही एकमेकांकडं बघायला लागलो, इतकी कमी. करीमभाई गाडीखाली शिरले, वरून बघितलं, खालून बघितलं, काही सापडेना.

सापडलं ते डाव्या सीटवर. एक भला थोरला अल्सेशियन कुत्रा तिथं झोपला होता. म्हाताऱ्यानं सांगितलं, की तो मुलाकडं मुंबईला राहायला चाललाय, तिथं कुत्रा चालत नाही, आणि कुत्रा या गाडीशिवाय कुठं झोपत नाही. म्हणून गाडी आणि कुत्रा एकत्रच द्यायचे. शेर-शेर मटण रोज लागतं, बाकी काही त्रास नाही.

मनोहर तयार झाला. कुत्र्याला अंगणात बांधू, मटण बाहेरून आणू, इंदूला मी समजावतो, असं काय काय बोलायला लागला. आम्ही त्याला ओढून बाजूला नेलं. करीमभाई आकाशाकडं बघत मनातल्या मनात हिशेब करत होते. मग म्हणाले, "पाटणकरसाहेब, गाडी सस्ती है. लेकिन पेट्रोल से ज्यादा तो ये सीट पी जाएगी."

*

दुसरी देहूरोडला. एक कंत्राटदार लष्कराच्या लिलावातला माल घेऊन विकायचा. त्याच्या शेडमध्ये लाल रंगाची गाडी उभी होती, नुसती बघूनच पळतेय असं वाटावं अशी. मनोहरनं खिशातलं पाकीट बाहेरच काढलं. मी त्याचा हात धरला.

कंत्राटदारानं चावी फिरवली, आणि शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. आवाज ओळखीचा होता, पण कुठला ते आठवेना. बॉनेट उघडल्यावर कळलं. आत एका लष्करी ट्रकचं इंजिन बसवलं होतं. तेही नीट बसेना म्हणून एका बाजूला लाकडी ठोकळा.

मनोहर भडकला. रेसच्या गाडीचे पैसे मागता आणि आत ट्रक घालता, ही काय फसवणूक, असं बरंच बोलला. कंत्राटदार शांतपणे ऐकून घेत होता. मनोहरचं बोलून झाल्यावर म्हणाला, "साहेब, मी चेहऱ्याचे पैसे मागितले. काळजाचे मागितलेच नाहीत."

मोटारसायकल सुरू करून निघालो.

*

मग पुण्यातला बंगला. एका लहानशा संस्थानिकांची गाडी होती, आणि त्यांचे कारभारी ती दाखवायला होते. काळा कोट, डोक्यावर पगडी. गाडी जवळजवळ न चाललेली. महाराजांनी हौसेनं मागवली, आणि आली तेव्हा त्यांना तिच्यात वाकून बसता येईना. तशीच उभी राहिली.

इथं आमचे करीमभाईच भुलले. मडगार्डवरून हात फिरवत राहिले, डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. किंमत ऐकून मात्र मी खाली बसलो. मनोहर म्हणाला, किंमत असू दे, आधी एकदा सुरू करून दाखवा.

कारभाऱ्यांनी असं बघितलं, की जणू यानं देव्हाऱ्यातली मूर्तीच हातात मागितली.

"सुरू करायची?" ते म्हणाले. "ही?"

त्यांनी स्वतःच्या हातानं गाडीवर पुन्हा चादर घातली आणि आम्हाला फाटकापर्यंत पोचवलं. चहा मात्र पाजला होता.

*

मधे एकदा व्यवहार होत आला होता. खडकीचे एक डॉक्टर, गाडी हिरवी, करीमभाईंनी चालवून बघितली आणि मान डोलावली. मनोहर भाव करायला बसला. त्यानं फार खालचा आकडा सांगितला, म्हणजे डॉक्टर वर जातील, हा खाली ओढील, असं संध्याकाळपर्यंत चालेल. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, न्या.

मनोहरचा चेहराच उतरला. बाहेर आल्यावर म्हणे, एवढ्या लगेच कबूल झाला म्हणजे गाडीत काहीतरी आहे. आम्ही दोघांनी परोपरीनं सांगितलं. पठ्ठ्यानं आत जाऊन नाही म्हणून सांगितलं.

ती गाडी निगडीकडच्या एका गृहस्थांनी घेतली. पुढं कितीतरी वर्षं ती रोज सकाळी कारखान्यासमोरून जायची, घड्याळासारखी. मनोहर तिच्याकडं पाठ करून उभा राहायचा. एकदा मी करीमभाईंना विचारलं, त्या गाडीत खरंच काही दोष होता का हो. ते म्हणाले, होता ना. गिऱ्हाईकात.

*

याच सुमारास इंदूवहिनींनी माझ्याजवळ विषय काढला. मनोहर घरात नव्हता. प्लॉटचा मालक दिवाळीपर्यंत थांबायला तयार होता, त्यापुढं नाही. मला वाटलं आता माझी खरडपट्टी निघणार. पण त्या म्हणाल्या, गाडीचं मला काही नाही. गाडी आली तर ते गाडीत बसून लांब जातील, नाही आली तर गाडी शोधत लांब जातील. मला दोन्हीकडं सारखंच. घर असलं तर निदान दाराला माझी स्वतःची कडी असेल.

हे मी मनोहरला जसंच्या तसं सांगितलं. त्याचा पाय हलतच राहिला.

*

चाकणजवळ निघोजे गावात एका बागायतदाराकडं रेसची गाडी आहे, अशी बातमी करीमभाईंनीच आणली. कांद्याचा मोठा व्यापार होता त्यांचा. आम्ही गेलो तर गोठ्यात गाडीचा सांगाडा पडलेला, तिची चाकं काढून बैलगाडीला लावलेली, आणि इंजिन गायब.

"इंजिन मळ्यात हाय," बागायतदार म्हणाले.

विहिरीच्या काठावर दगडी ओट्यावर ते इंजिन बसवलं होतं, पट्ट्यानं त्याला पंप जोडला होता. तेल वेळच्या वेळी, वर पत्र्याचं छप्पर, आणि बाजूला उदबत्तीची राख. त्यांनी हँडल मारलं. एका फटक्यात सुरू झालं. इतका गोड, एकसारखा आवाज मी त्यानंतर ऐकलेला नाही. पाटातून पाणी आलं आणि कांद्याच्या वाफ्यात पसरायला लागलं.

मनोहर पाण्याकडं बघत उभा राहिला. त्याला असं निश्चल उभं राहिलेलं मी प्रथमच बघितलं. मग म्हणाला, तुम्हाला नवा कोरा पंप घेऊन देतो, वर पैसे देतो, हे इंजिन आणि सांगाडा मला द्या.

बागायतदारांना तो खुळा वाटला असणार, पण त्यांनी तसं दाखवलं नाही. आपुलकीनं विचारलं, "आमी हिच्यावर मळा भिजवतो. तुमी हिला घिऊन कुठं जानार?"

मुंबई म्हणावं की महाबळेश्वर, मनोहरचं काही ठरेना बहुतेक. येताना तो साइडकारमध्ये खाली बसला होता.

*

आता दिघीचं सांगतो. ही गाडी त्यानं घेतली, हे आधीच सांगून टाकतो. थेरगावचा प्लॉट त्या दिवाळीला हातचा गेला, घर पुढं फार वर्षांनी दुसरीकडं कुठंतरी झालं. पण किस्सा त्याचा नाही.

लष्कराच्या हद्दीला लागून एक कौलारू बैठं घर होतं. शिंदेबाई म्हणून तिथं एकट्या राहायच्या. त्यांचे मिस्टर कॅप्टन होते, काश्मीरच्या लढाईत गेले. गाडी त्यांची. त्या रविवारी ईद असल्यामुळं करीमभाई येणार नव्हते. मोटारसायकल त्यांनी दिली, ती मनोहरनं चालवली, आणि साइडकारची जागा मोकळी म्हणून इंदूवहिनी बसल्या. कशा तयार झाल्या कोण जाणे.

शिंदेबाई पस्तिशीच्या असतील. पांढरी साडी, ताठ चालणं. त्यांनी गाडीवरचं तंबूचं कापड ओढून बाजूला केलं. मनोहरला हवी होती तीच गाडी. बुटकी, लांब नाकाची, दोनच सीटा. रंग जागोजागी उडालेला, पण पितळी कडा घासून लख्ख. बाईंनी किंमत सांगितली. ती बाजारभावापेक्षा बरीच जास्त होती. हे मलाही कळलं.

मनोहरनं नेहमीप्रमाणं सुरुवात केली. टायर गेलेत, वरच्या हूडचं कापड फाटलंय, सुटे भाग मिळत नाहीत. बाई ऐकत होत्या. त्यांची नजर मनोहरवर नव्हती, इंदूवहिनींवर होती. मधेच त्यांनी विचारलं, "हे गाडी घेऊन बाहेर गेले की घरी वाट कोण बघणार?"

इंदूवहिनी म्हणाल्या, "मी."

"मग आधी तुम्ही बसा."

आम्ही काही म्हणायच्या आत बाईंनी पदर खोचला आणि स्टीअरिंगवर बसल्या. इंदूवहिनी डाव्या बाजूला. मनोहर म्हणाला, अहो पण मी चालवून बघायला हवी ना. तोपर्यंत गाडी फाटकाबाहेर गेली होती. वळणावर धूळ उठली, आवाज चढत गेला, चढत गेला, आणि मग ऐकू येईनासा झाला.

मनोहर अंगणात येरझाऱ्या घालायला लागला. फाटकापर्यंत जायचा, कान द्यायचा, परत यायचा. माझ्याशी बोलायचा प्रयत्न केला, अर्ध्यावर सोडून दिला. आणखी थोड्या वेळानं म्हणाला, बाईला नीट चालवता येत असेल ना रे? मग म्हणाला, आळंदीकडं गेल्या असतील का? ऊन कौलांवरून खाली अंगणात आलं. माझ्या आठवणीत आम्ही त्या अंगणात फार, फार वेळ उभे होतो.

शेवटी आवाज आला. वेगाचा नव्हे. पहिल्या गिअरमध्ये, आचके देत, गुरगुरत गाडी वळणावरून आली. स्टीअरिंगवर इंदूवहिनी होत्या. सायकलसुद्धा कधी हातात न धरलेल्या. अंबाडा सुटलेला, केसांत धूळ, दोन्ही हातांनी चाक घट्ट धरलेलं, आणि ओठ मिटलेले. फाटकातून कशीबशी आत आली, एक हिसका बसला आणि इंजिन बंद पडलं.

मनोहर धावत गेला. त्याला बहुतेक पुष्कळ विचारायचं होतं, पण तोंडातून निघालं ते सवयीचंच. तो म्हणाला, हूडचे पैसे निदान कमी करायला सांगू का आपण?

इंदूवहिनींनी पदरानं तोंड पुसलं. शेजारी शिंदेबाई समोरच्या काचेकडं बघत बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर ठेवून. त्या उतरत नव्हत्या.

"भाव करू नका," इंदूवहिनी हळू आवाजात म्हणाल्या. "आणि जरा लांब उभे राहा. त्यांना बसू दे."