सील न फोडलेली ऑइलची बाटली

माझ्या पत्रकात सात नियम आहेत. तीन वर्षं झाली, मी ते आठवडे बाजारात, एसटी स्टँडवर, वखारीच्या दारात वाटतेय, मोठ्यानं वाचून दाखवतेय. आणि या तीन वर्षांत एक गोष्ट आईला नाही, भावाला नाही, आमच्या गटातल्या एकालाही सांगितली नाही. तुम्हाला सांगते. बसा जरा.

आधी माझा राग ऐका, कारण तो खरा आहे. झाडं कापायची पेट्रोलवरची चेनसॉ आपल्याकडे भाजीसारखी विकली जाते. हेल्मेट? नाही. मराठीत माहिती? कशाला! घेणारा स्लीपर घालून, एका हातानं, खांद्याच्या वरची फांदी कापायला लागतो. चेन जिच्यावर फिरते त्या पट्टीचं टोक लाकडाला लागलं की मशीन उसळून तोंडावर येतं, हे त्याला कुणी सांगायचं? दुकानदार तर गल्ला बंद करून जेवायला गेलेला असतो. म्हणून मी सांगते. मुलगी असून सांगते, याचं लोकांना फार नवल. मला त्या नवलाची सवय झाली होती — खरं सांगू का, गोडी लागली होती. तिथूनच सगळं सुरू झालं.

आमच्या वरवंडला हमीदचाचा आहेत. पडलेली बाभळ, सुबाभूळ, रस्त्यावर आडवं झालेलं झाड, काही असलं की लोक त्यांनाच बोलावतात. पंधरा वर्षं मशीन चालवतात, दहाही बोटं शाबूत. सकाळी चहाच्या आधी कानसीनं चेनचा दातन् दात घासणार. मशीन पेट्रोल आणि टू-टी ऑइलच्या मिश्रणावर चालतं. ते मिश्रण हिरव्या बाटलीत, बाटलीच्या गळ्याला लाल चिंधी. माझ्या सातातले पाच नियम त्यांच्याकडून घेतलेत. पत्रकावर नाव मात्र माझं.

तर मशीन नीट कसं चालवायचं ते दाखवायचं आमच्या गटाचं पहिलं शिबिर होतं, एका बांधावर पडलेल्या सुबाभळीशी. चाचांना त्या दिवशी शिरूरला लग्न होतं. त्यांनी मशीन भरवशानं माझ्या हातात दिलं. टाकी भरलेली. कुरकुंभच्या कंपनीत शिफ्ट करणाऱ्या भावानं गॉगल आणि हातमोजे जमवून दिले होते. वीसेक माणसं जमली. मी चौथा नियम तर दोनदा वाचला: नुसतं पेट्रोल कधीही भरू नका, टू-टी ऑइल मिसळल्याशिवाय इंजिन आतून खरवडलं जातं.

सगळ्या फांद्या उतरवून अर्धा ओंडका कापून झाला आणि मशीन बंद. टाकी रिकामी.

मागून एक आप्पा म्हणाले, "ताई, मशीन बी दमलं वाटतं तुमचं भाषण ऐकून."

सगळे हसले. मीही हसले. आतून पेटले होते. पिशवीत पेट्रोलची बाटली होती, माझ्या स्कूटीसाठी घेतलेली. शेजारी टू-टी ऑइलची छोटी बाटली होती, दाखवायला आणलेली. मशीन थंड होईपर्यंत थांबले. टाकी भरली. सांडलेलं पुसलं. भरल्या जागेपासून दहा पावलं लांब गेले, चेन ब्रेक लावला, मशीन जमिनीवर ठेवून पाय दिला आणि दोरी ओढली. काय तोरा! सगळे नियम पाळले. एक सोडून.

उरलेला ओंडका कापून झाला, टाळ्या पडल्या, आणि शेवटी मशीन खरखरून अडकलं. मला वाटलं, तापलं असेल.

संध्याकाळी पिशवी उपसली. ऑइलची बाटली हाताला लागली. तिचं सील फोडलेलंच नव्हतं.

मग मी काय केलं? सातवा नियम पाळला. मशीन ठेवून देताना टाकी रिकामी करा, फिल्टर झटका, पट्टीवर कव्हर घाला. इतक्या निष्ठेनं तो नियम मी पुन्हा कधी पाळला नाही. टाकीत थेंब ठेवला नाही — वास घेऊन बघितला. दोरी ओढून पाहिली, थंड झाल्यावर मशीन सुटलं होतं. चकाचक पुसून चाचींच्या हातात दिलं. चाची म्हणाल्या, पोरीचा हात किती नीटनेटका!

चार दिवस ते रडतखडत चाललं आणि मग एका शेतात बंद पडलं. मेकॅनिकनं खोललं तेव्हा मी तिथंच होते, गॉगलचा खोका हातात धरून.

"चाचा, ह्यात टू-टी पडलंच न्हाई. पिस्टन बघा, नुसत्या रेघा."

चाचा बराच वेळ पिस्टन फिरवत राहिले. मग म्हणाले, "मंग मीच इसरलो आसंल. लग्नाच्या गडबडीत."

माझ्याकडे बघितलं. मी काय म्हटलं असेल? म्हटलं, "होतं असं, चाचा."

तीन शब्द. वीस माणसांसमोर घसा फोडणारी मी!

नवा पिस्टन बसला, मशीन सुरू झालं. मी पत्रकाची दुसरी आवृत्ती काढली आणि चौथ्या नियमाखाली जाड अक्षरांत टाकलं: पंधरा वर्षांचा अनुभवी माणूसही विसरतो, विसरणाऱ्यानं मशीनला हात लावू नये! पत्रक गाजलं. चाचांनी तर घडी करून खिशात ठेवलं, भेटेल त्याला दाखवायचे — "हे मी हाय." आणि दर आठवड्याला मिश्रण केलं की बाटली माझ्याकडे आणायला लागले. "बघ गं, पडलंय का ऑइल. माझा काय भरवसा न्हाई आता." मी बाटली उजेडात धरायची, रंग बघायची, मान हलवायची. तीन वर्षं. एकदाही मिश्रण चुकलेलं नव्हतं. कसं चुकेल?

तुम्ही हसलात तरी चालेल. मीही त्या दृश्याला कितीदा हसलेय — चोर तपासनीस, आणि साव रांगेत बाटली घेऊन उभा.

मागच्या आठवड्यात ते नेहमीसारखे आले, पण बाटली नव्हती. कोरा पुठ्ठा आणि मार्कर होता. मशीन विकायचं ठरवलंय, म्हणाले, घरचेही तेच म्हणतात. पाटी मी लिहावी, माझं अक्षर ठसठशीत. मी म्हटलं, का विकता, तुमच्यासारखा हात तालुक्यात नाही. तर म्हणाले, "इसरणाऱ्यानं मशीनला हात लावू न्हाई. तूच लिवलंस न्हवं?"

रागावून नाही हो. अगदी पटल्यासारखं.

पुठ्ठा माझ्याकडेच आहे. त्यावर काय लिहायचं ते मी आज लिहिलं. तिसऱ्या आवृत्तीत चौथ्या नियमाखाली हेच छापतेय, त्याच जाड अक्षरांत, आणि पुठ्ठा उद्या सकाळी, ते कानस घेऊन बसायच्या वेळेला, त्यांच्या दारात जाऊन मोठ्यानं वाचणार आहे. आवाज तर मला आहेच.

हमीदचाचा कधीच विसरले नाहीत. पेट्रोलची बाटली माझी होती. त्या पेट्रोलमध्ये ऑइल नव्हतं. ते पेट्रोल मी टाकीत भरलं, आणि मी गप्प बसले.