बिनचिठ्ठीची बाटली

सकाळी एका पॅथॉलॉजी लॅबमधल्या बाईंचा फोन आला. आमच्या सॉफ्टवेअरने एका पेशंटचा रिपोर्ट दुसऱ्याच्याच नावावर छापला होता.

"स्क्रीनवर व्हर्जन कुठलं दिसतंय?" मी विचारलं.

"तीन पॉइंट शून्य."

डोकं सणकलं. सगळ्यांकडे तेच दिसतं! आमच्या ऑफिसातलं मशीन रोज सॉफ्टवेअरचं नवं बिल्ड, म्हणजे ताजी आवृत्ती, बनवून त्यावर आपोआप नवा नंबर टाकायचं. आमच्या साहेबांनी ते नंबर टाकणं बंद करायला लावलं. म्हणे, नंबर सारखा बदलला की गिऱ्हाईक घाबरतं. अहो, नंबर म्हणजे कबुली असते, हे आम्ही केलं, या दिवशी केलं. तीच नको होती! आता या बाईंकडे आमचं कुठल्या दिवसाचं पाप आहे, कसं शोधू?

"नक्की सांगता येत नाही," मी पुटपुटलो.

"आमच्याकडे नाव-तारखेची चिठ्ठी नसलेली सॅम्पलची बाटली आली ना," बाई शांतपणे म्हणाल्या, "तर आम्ही ती फेकून देतो."