घुमणारं चाक
ग्रीसचा जळका वास आला की रहिमतपूरहून सांगलीला निघालेली आमची जुनी गाडी आठवते. चाकातला घूं घूं आवाज वाढतच चालला होता. उजवीकडे वळलं की मोठा, डावीकडे वळलं की दबका. मला पुढचं उजवं चाक वाटलं, बायकोला डावं. मागं बसलेली आई म्हणाली, "आरं, माझ्या बुडाखालीच वाजतंय की." आम्ही हसलो. सांगलीत विश्रामबागेतल्या मेकॅनिकनं तिच्याच खालच्या चाकाचं बेअरिंग बदललं. परतताना गाडी एकदम गप्प, आणि आई दाराचं हँडल घट्ट धरून बसलेली. "आवाज हुता तवा कुठं बिघडलंय ते कळत तरी हुतं," ती म्हणाली. आता नव्या गाडीत मीही काचा लावून कान देतो, आणि काहीच ऐकू येत नाही म्हणून वेग कमी करतो.