धारेवरची कूक

भंडारदरा धरणावरच्या डोंगरधारेवर मी बायकोबरोबर नऊ वेळा गेलो आणि एकदा एकटा. त्या नऊ वेळांबद्दल मी कुणालाही पकडून तासभर पिळतो. दहाव्या वेळेबद्दल अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आम्ही दोघंही नगरला शिक्षक. दिवाळीचे फराळाचे डबे रिकामे झाले की आमच्याच जिल्ह्यातल्या अकोल्याची एसटी पकडायची, धरणाजवळच्या गावात मुक्काम करायचा आणि सकाळी धार चढायची, हा आमचा नेम. डोंगराच्या निमुळत्या माथ्याला तिकडे धार म्हणतात. दोन्हीकडे उतार, मधून पायवाट आणि डाव्या हाताला खोल खाली धरणाचं पाणी. वाट कातळाआडून वळत जाते, त्यामुळे थोडा मागे राहिलेला माणूसही दिसत नाही. म्हणून तिथली रीत अशी, की पुढच्याने अधूनमधून कूक, म्हणजे लांब हाळी, द्यायची आणि मागच्याने तिला उत्तर द्यायचं. उत्तर आलं तर चालत राहायचं. नाही आलं तर थांबायचं आणि मागे फिरायचं. पहिल्या वर्षी वाटाड्याने आम्हाला हे शिकवलं होतं.

पुढे अर्थातच मी. मला हळू चालता येत नाही, आणि दुसऱ्याचं हळू चालणं तर बघवत नाही. "तुम्हाला डोंगर चढायचा नसतोच, संपवायचा असतो," असं ती म्हणायची. धारेच्या टोकाला एक सपाट खडक आहे. तिथून सगळं धरण एका नजरेत दिसतं. ऊन डोक्यावर यायच्या आत त्या खडकावर पोचलो नाही, तर माझं डोकं फिरायचं. तिची कूक बारीक होती, शेवटी जराशी चिरकायची. मी त्यावरून तिची टिंगल करायचो.

नवव्या वर्षी मात्र तिची उत्तरं खणखणीत येत होती. बाईंचा दम वाढला, असं मनाशी म्हणत मी नेहमीपेक्षा जोरात निघालो. ती खडकावर पोचली तेव्हा माझी भाकरी खाऊन झाली होती. "आवाज एवढा जोरात, मग पाय का रेंगाळले?" मी विचारलं. "वाटेत शेळ्या राखणारी एक बाई भेटली, गप्पा मारत आले," ती म्हणाली आणि पाण्याकडे बघत बसून राहिली. मला वाटलं, धरण बघतेय.

पुढे माघात घरचा जिना चढताना ती दोनदा मधेच बसली. डॉक्टरकडे गेलो. त्यांनी विचारलं, "चढताना दम लागतो का?" प्रश्न तिला होता. उत्तर मी दिलं. "दम? छे! दिवाळीत डोंगर चढून आली. कूक तर अशी देत होती, की सगळ्या धारेला ऐकू जावी." डॉक्टर हसले. तिने माझ्याकडे पाहिलं. त्यांनी ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. होळीच्या आधी एका सकाळी चहा टाकता टाकता ती ओट्याशीच कोसळली. हृदय बरेच महिने थकलेलं असणार, असं नंतर कळलं. तेव्हापासून मी त्या डॉक्टरवर दात खात होतो.

पुढच्या दिवाळीनंतर एकटाच धारेवर गेलो. करवंदीच्या जाळीपाशी शेळ्या राखणारी बाई बसली होती, साधारण माझ्याच वयाची.

"एकलंच आलात?" तिने विचारलं. "बाई कुटं हायती?"

"तुम्ही ओळखता तिला?"

"म्हंजे काय! गेल्या साली हितंच बसल्या हुत्या, छातीला हात लावून. मी पानी पाजलं. तुमी फुडनं कूक देत हुता आन् त्यांला तर आवाज फुटंना. मला म्हनल्या, माज्या वाटची कूक तू दे, न्हाईतर ते माघारी येतील. मी म्हनलं, येऊ द्या की! तर म्हनल्या, नको, वर्सभर वाट बघत्यात ते त्या खडकाची."

 मी तिथेच खाली बसलो.

"किती वेळा दिलीत?"

"शेवटपतूर मीच दिली. खडक दिसाया लागला तवा माघारी फिरले." तिने काठीने एक शेळी वळवली. "म्या म्हनलं बी त्यांला, मालक आवाज वळखतील की वो. तर हासल्या. म्हनल्या, न्हाई वळखायचे."

अठ्ठावीस वर्षांचा संसार. ती सकाळी नुसती खाकरली तरी मला शेजारच्या खोलीतून कळायचं, असं मी समजत होतो. डॉक्टरचा काही दोष नव्हता. त्यांनी विचारलं होतं, मीच तिला बोलू दिलं नव्हतं. मला स्वतःची एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

बायको गेल्याचं मी सांगितलं. "अरं द्येवा," म्हणून बाई बराच वेळ गवताच्या काड्या मोडत राहिली. मग शेळ्या उताराला लागल्या तशी ती उठली. "या सावकाश," म्हणाली आणि खालच्या वळणाआड गेली.

खडकापर्यंत जावंसं वाटेना. मीही परत फिरलो. थोडा उतरलो असेन, तोच खालून त्या बाईची कूक आली. गेल्या वर्षीचीच, खणखणीत.

आता मागचा मी होतो. मी तोंड उघडलं, पण घशातून आवाज निघेना. तिने पुन्हा कूक दिली. मी तसाच उभा राहिलो.

थोड्या वेळाने वळणावर तिचं लुगडं दिसलं. शेळ्या तशाच सोडून ती माझ्यासाठी धार चढून परत येत होती.