आईच्या छातीचा फोटो

निघायच्या दिवशी बाबांनी आनंदनगरच्या कंपनीत शिफ्ट बदलून घेतली आणि सकाळपासून उगाच माझ्या बॅगेभोवती घिरट्या घालत राहिले. चामटोलीच्या आमच्या ओटीवर निम्मं गाव जमलेलं. आई सुक्या बोंबलांची पुडी पुन्हा पुन्हा प्लास्टिकमध्ये गुंडाळत होती. मला हुंदका आला तसे बाबा म्हणाले, "रडायचं त हितंच रडून घे गो. इमानात शेजारचा घाबरंल." सगळे हसले. मग तेच बाबा गाडीची डिकी बघतो म्हणून मागे गेले, ते बराच वेळ आलेच नाहीत.

मी एक्स-रे टेक्निशियन. इकडे इंग्लंडात रेडिओग्राफर म्हणतात. पगार जास्त, थंडीही जास्त. बाबा गावात सांगायचे, "माझी पोरगी फोटो काढते, आतला!" तेव्हापासून गावात कुणाचा हात मोडो की कुणाला खोकला होवो, फोटो आधी माझ्या व्हॉट्सॲपवर येतो, डॉक्टरकडे मागाहून.

शिकले उल्हासनगरात. आमचे सिंधी सर जुन्या वळणाचे. मशीन डिजिटल आली होती, बटण दाबलं की छाती स्क्रीनवर हजर. तरी त्यांनी आम्हाला आधी डार्करूममध्ये उभं केलं, त्या केमिकलच्या वासात. कॉम्प्युटरवर वाईट फोटोही उजळता येतो, म्हणून पोरं आळशी होतात, असं त्यांचं ठाम मत. "बेटा, पहले किनारा देखो. बीच में तो सब देखते हैं," हे दिवसातून दहादा. म्हणजे फुप्फुसं नंतर. आधी कडा, मान, खांदे. काय सुटलंय, काय नको ते आलंय.

आणखी एक गोष्ट त्यांनीच शिकवली. छातीच्या फोटोला गळ्यात धातू चालत नाही, आणि आमच्याकडच्या बायका जीव गेला तरी मंगळसूत्र काढत नाहीत. वाद घालायचा नाही. वाट्या दातात धरायला सांगायच्या, हनुवटी वर. मग फोटोत मानेच्या दोन्ही बाजूंना बारीक रेघ तेवढी दिसते, छाती मोकळी. आईचा पहिला फोटो ट्रेनिंगमध्ये मीच काढला. "मी नाय काढनार," म्हणाली. वाट्या दातात धरल्या आणि मी "श्वास घ्या, धरून ठेवा" असं अहोजाहो सुरू केल्यावर तिला जे हसू फुटलं, त्यात फोटो हलला. परत काढावा लागला. सरसुद्धा हसले.

इथे कुणी हसत नाही. पेशंट गाऊन घालून, सगळं काढून शिस्तीत येतो, सॉरी म्हणतो, थँक यू म्हणतो, जातो. पहिले काही महिने मला एकटीला मशीनला हात लावू देत नव्हते. शेवटची असेसमेंट पास झाले की मोकळी. बाबा रोज विचारायचे, "झाली का गो तुजी परीक्षा?"

मग एका आठवड्यात त्यांनी विचारणं बंद केलं. मी विचारलं की कधी झोपलेत, कधी मामाकडे गेलेत. भाऊ म्हणाला, फोनचा डिस्प्ले गेलाय, व्हिडिओ होणार नाही. आईचा आवाज बसलेला. "सर्दी झालीय," म्हणाली. मी अभ्यासात. बरं म्हटलं.

असेसमेंटच्या आदल्या दिवशी दुपारी भावाचा मेसेज आला. "ताई, आईचा खोकला जात नाही. अंबरनाथ ईस्टला फोटो काढला. डॉक्टर नॉर्मल बोलतायत, तू एकदा बघ ना." बिचारा. नेहमीची सवय.

मी कडेपासून बघायला सुरुवात केली. मानेपाशीच अडकले. रेघ नव्हती.

फोटो मोठा केला, उजळ केला, जेवढा करता येतो तेवढा. मनाची समजूत घालत होते की मशीनवर नवीन पोरगा असेल, काढायला लावलं असेल. पण आई? पोटाच्या ऑपरेशनला नर्सशी भांडून गळ्यात काळा दोरा बांधून गेलेली बाई ती. छाती अगदी साफ होती. इतका चांगला फोटो मी क्वचित पाहिलाय.

भावाला फोन लावला. म्हटलं, "आईचं मंगळसूत्र कुठाय?"

तो रडायलाच लागला. "तुझी परीक्षा होती ना गं ताई... बाबा असते तर तेच बोलले असते, तिला सांगू नका." हार्ट. अंगणात बसल्या बसल्या. तेरावंही उरकलं होतं.

तिकीट दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं मिळालं. सकाळी जाऊन असेसमेंट दिली. घरात बसून काय करणार होते? पास झाले. परीक्षा घेणाऱ्या बाई म्हणाल्या, घरी कळवा, खूश होतील.

घरी पोचले तर ओटी सारवलेली, बाबांचे कपडे वाटून झालेले. माझ्या रडण्याला सोबत करायला शेजारणी आल्या, पण त्यांचं रडून झालं होतं. थोड्या वेळात गप्पा गावात उठणाऱ्या नवीन बिल्डिंगवर गेल्या. आई माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, म्हणजे तीच माझं सांत्वन करत होती! त्या दिवसाइतकी परकी मी इंग्लंडातही नव्हते.

तिकडे राहिलेल्यांनो, तुम्ही मायेनंच लपवता, कळतं मला. पण आम्ही लांब गेलो म्हणून आमच्या वाटणीचं दुःख तुम्ही परस्पर उरकून टाकू नका हो. घर म्हणजे मला आता एवढंच उरलंय: जिथे वाईट बातमी मला इतरांबरोबर कळेल, ती जागा. माझं तसं घर आज तरी नाही.

आता आई फोनवर म्हणते, "सगलं बरं हाय गो," आणि माझा विश्वास बसत नाही. मी व्हिडिओ लावायला लावते आणि फोन घरभर फिरवायला सांगते. ती फिरवते: भाऊ, वहिनी, चूल, मागची पडवी. बाबांची प्लास्टिकची खुर्ची आली की हात पटकन पुढे नेते.

"थांब गो आई," मी म्हणते, "तिथंच धर जरा."

ती धरते. आम्ही दोघी बघत बसतो.