बदरोद्दीनची आयरिश गाडी

मी काही गाडीला भुलणारी बाई न्हाई. जालन्याच्या टेसनात सांधेवाल्याची, म्हणजे रूळ बदलणाऱ्याची, बायको म्हणून नांदले. दारापुढून लाईन. गाडी गेली की वाळत घातलेल्या लुगड्यावर कोळशाची कणी, आन् चुलीवरचा तवासुदिक थरथरायचा. गाडी म्हणलं की माझं टाळकंच फिरायचं. तरी खरं सांगते, शेजारच्या बदरोद्दीनच्या अंगणात वीतभर उंचीचं आभाळी रंगाचं इंजन पहिल्यांदा वाफ सोडताना पाह्यलं, तव्हा हातातलं सूप हातातच राह्यलं. जवारी सांडली, ते बी कळलं न्हाई.

खरी वाफ व्हती वो! चावी भरायचं खेळणं न्हवं. पोटात स्पिरिटचा दिवा, वर पाणी, पाणी उकळलं की दांडे हळूच पुढं, मंग मागं, मंग पुढं, आन् तपकिरी डब्यांची रांग घेऊन ते इंजन चिंचेच्या झाडाभवती फिरायला लागायचं. डब्याच्या खिडक्यांना खरी काच. आत बाकडी. बाई गं, आत बसायच्या जागेवर हिरवी मखमल! मी उकिडवी बसून एका डोळ्यानं आत बघायची आन् मनात म्हणायची, देवा, माणसाच्या बोटांनी हे कसं केलं असंल!

केलं व्हतं कीगन साहेबानं. कीगन म्हणजे रुळांचा साहेब, ट्रॉलीवर बसून पार परतूरपस्तोर लाईन तपासायचा. त्याला कुणी इंग्रज म्हणलं की तोंड लालबुंद. "इंग्लिश नहीं, आयरिश!" म्हणून ओरडायचा. आम्हाला काय, गोरा तो गोरा. बदरोद्दीन इंजनात पाणी भरायच्या पंपावर फिटर, साहेबाच्या बंगल्यावर कामाला जायचा, त्यानं मात्र सगळं कानात साठवून ठिवलं. साहेबाच्या मुलखातले रूळ सव्वापाच फूट रुंद. इंग्रजाचे बी तेवढे न्हाईत, आन् आपली निजामाची लाईन तर मीटरभराची. पूर्णेला आन् सिकंदराबादला साहेबाच्या मुलखातले दोन दोस्त व्हते. तिघं एकाच मापानं इंजनं-डबे बनवायचे आन् नाताळाला एकमेकाला धाडायचे. कीगन पेन्शनीत निघाला तव्हा त्यानं आभाळी इंजन बदरोद्दीनच्या हातावर ठिवलं.

तिथून हा गडी पिसाटला. पूर्णेचा साहेब परत मुलखाला चालला असं कानावर आलं की रजा टाकून पूर्णेला. सिकंदराबादेत कुण्या मेमसाहेबाच्या माळ्यावर एक डबा हाय म्हणलं की तिथं. डबा आणायचा, चाकांमधलं अंतर मापायचा, मापात बसलं न्हाई की परत. "वहिनी, ही इंग्लिश निघाली," म्हणताना तोंड असं करायचा, जसं काही नासलेलं दूध हाती लागलं. पितळेच्या पट्ट्या ठोकून रूळ बी त्यानं स्वतःच केले. हौसेला मोल न्हाई म्हणतात. मी तोंडावर म्हणायची, "भाई, आधी लग्नाचं बघा." त्यो म्हणायचा, "आधी डब्याला डबा बराबर जुळू द्या, वहिनी."

आता त्याच्या बापाचं सांगते. सिराजोद्दीन डायवर. आमचे डायवरचाचा. सारी उमर इंजनावर काढली, आन् पेन्शन घेतली त्याच साली लकवा मारला. उजवं अंग गेलं, जीभ गेली. डावा हात तेवढा हलायचा. अंगणात बाज टाकून त्यांना निजवायचे. डोळे उघडे, पण त्या डोळ्यात कुणी न्हाई. खैरुनबी, त्यांची बायको, घास भरवताना रोज इचारायची, "मेरेकू पैचाने क्या?" ती बाई रडली न्हाई कधी. मला एकदाच म्हणली, "दुर्गा, खिदमत का गम नै मेरेकू. बस इत्ता मालूम हो जाना, वो अंदर हैं के चले गए."

म्हणून बदरोद्दीननं रूळ फिरवले आन् बाजेखालून गाडी काढली. जुम्म्याची नमाज झाली की गाडी सोडायची, बापाला दाखवायची. आन् नवल झालं! इंजन हललं की चाचांचा डावा हात बाजेबाहेर यायचा. कोपरात वाकलेला, बोटं पसरलेली. मान ताणायचे, घशातून 'अं अं' करायचे, कपाळावर घाम. गाडी फिरत राह्यली की डोळ्यांतून धारा. दर जुम्म्याला हेच.

आम्ही काय समजावं? हकीम म्हणले, भेदरतात, इंजनाची दहशत बसली. खैरुनबी पोरावर कडाडली, "बंद कर ये! बाप की जान लेगा क्या?" बदरोद्दीन पेटी घेऊन आला. सगळं सिकंदराबादच्या साहेबाला देऊन टाकायचं ठरलं. डबे चिंध्यांत गुंडाळायला मला बोलावलं. मी हात चालवत व्हते, पण जीव तुटत व्हता. रोज नावं ठिवणारी मीच, आन् एकेका डब्यावरून पदर फिरवत व्हते.

इंजन बांधायच्या आधी पोटातलं पाणी उडवावं लागतं, न्हाईतर गंज चढतो. म्हणून बदरोद्दीननं शेवटचा दिवा लावला आन् दोन डबे जोडून इंजन सोडलं. चाचांचा हात आला बाहेर. खैरुनबीनं तोंड फिरवलं. त्याच टायमाला आमच्या दारापुढून मालगाडी आली, जालन्याला न थांबणारी. सवयीनं मी कुडावरून पाह्यलं, कारण तिथं आमचे मालक उभे असायचे, हातात गोळ्याचं कडं उंच धरून.

गोळा म्हणजे असं बघा. लाईन एकेरी. समोरून दुसरी गाडी सुटली न्हाई, याची खातरी म्हणून टेसनमास्तर एक लोखंडी गोळा देतो. वेताचं कडं, कड्याला चामड्याची पिशवी, पिशवीत गोळा. पळत्या इंजनातून डायवर हात बाहेर काढतो आन् कडं हातात अडकवून घेतो. गोळा मिळाला तर पुढची लाईन तुमची. न्हाई मिळाला तर गाडी उभी करायची, मंग आत खुद्द निजामसरकार का बसलेलं असंना.

मालगाडीचा डायवर बाहेर झुकला. हात कोपरात वाकलेला. बोटं पसरलेली. मी वळून बाजेकडं पाह्यलं. तोच हात!

"थांबवा!" मी एवढ्यानं वरडले की बदरोद्दीननं वाफ तोडली. "आगं बया, काय बुद्धी आपली! चाचा भेत न्हाईत, गोळा मागून राह्यले, गोळा!"

सारी उमर ज्या माणसानं गोळ्याबिगर चाक हलू दिलं न्हाई, त्याच्या डोळ्यांपुढून आम्ही दर जुम्म्याला बिनगोळ्याची गाडी सोडत व्हतो. समोरून दुसरी आली तर? त्यो माणूस आम्हाला वाचवायला बघत व्हता, आन् आम्ही त्याला हकीम दाखवत व्हतो. रेल्वेच्या चाळीत राहून, रेल्वेचं मीठ खाऊन, आमच्या एकाच्या बी ध्यानात येऊ नये!

मी हातातली एक बांगडी जपून उतरवली. चिंचेखालचा एक चिंचोका उचलला, चिंधीत बांधला, चिंधी बांगडीला. आन् मालक जसे उभे राहतात तशी बाजेजवळ उभी राह्यले, हात उंच करून.

चाचांनी कडं घेतलं. बोटात अडकलं तसा हात छातीशी ओढला. मंग अंगठ्यानं चिंधी चाचपली. आत गोळा हाय का, खरा हाय का, बघून राह्यले! चिंचोका लागला. 'अं अं' थांबलं. एवढा मोठा श्वास सोडला त्यांनी, जसं कुणी डोक्यावरचा भारा खाली ठिवावा. आन् मंग हात वर गेला, हवेतच शिट्टीची दोरी धरली, दोनदा ओढली.

बदरोद्दीन पुतळ्यावानी उभा. खैरुनबीनं त्याच्या पाठीत धपाटा घातला, "देखता क्या है रे? सीटी दे!"

शिट्टी झाली. गाडी सुटली. बाजेखालून गेली, चिंचेला वळसा घालून परत आली, आन् चाचा तिच्यावरची नजर काढंनात. डोळ्यात माणूस व्हता! गाडी थांबली तसं त्यांनी कडं माझ्यापुढं धरलं. पोचल्यावर गोळा परत द्यायचा असतो. मी घेतलं. लुगडं वाळवणाऱ्या बाईला काय म्हाईत व्हतं, एवढ्याशा दोन पट्ट्यांवरून माणूस परत येतो म्हणून!

खैरुनबी बाजेच्या काठावर बसली. "अंदर हैं, दुर्गा," म्हणली. "वो अंदर हैं." आन् तव्हा ती रडली.

पेटी उघडली ती पुन्हा बांधली न्हाई. दर जुम्म्याला गावातल्या मस्तगडावरून माणसं यायला लागली. कुणी इंजन बघायचं, कुणी मखमल. मी मात्र चाचांचा अंगठा बघायची. चिंचोका चाचपल्याबिगर त्यांनी एकदाही दोरी ओढली न्हाई. आन् बदरोद्दीन येईल त्याला सांगायचा, "ही आयरिश हाय, इंग्लिश न्हाई. आन् डायवर जालन्याचा."

दोन पावसाळे असे गेले. मंग एका जुम्म्याला मी कडं दिलं, चाचांनी घेतलं, चिंचोका चाचपला. बदरोद्दीन वाफेच्या दांडीवर बोट ठिवून तयार. इंजन फुसफुसत व्हतं. पण चाचांचा हात दोरीकडं गेलाच न्हाई. बराच वेळ ते इंजनाकडं बघत राह्यले. मंग कडं पुढं केलं. माझ्याकडं न्हाई, खैरुनबीकडं.

"अब्बा, गाडी तो छूटी नै," बदरोद्दीन म्हणला.

हात तसाच पुढं. डोळे खैरुनबीवर, आन् तिला ओळखणारे. तिनं पदर सावरला, दोन्ही हातांनी गोळा घेतला आन् म्हणली, "हौ जी. मिल गया."

चाचांनी डोळे मिटले, ते पुन्हा उघडले न्हाईत. बदरोद्दीननं वाकून इंजनाखालचा दिवा विझवला.